‘त्यांना सवय असते!’

गेल्या मार्गशीर्षात आमच्या तालुक्यातील एका वाचनालयात व्याख्यान झाले. व्याख्याते माझेच जुने विद्यार्थी; आता ते अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरी स्थायिक झालेले आहेत. विषय होता हिवाळ्यातील प्रचंड हिमवर्षावाची सवय कशी होते हा. गृहस्थ बोलले फार चांगले. ईरी सरोवरावरून येणारा वारा सरोवराची वाफ कशी उचलतो व ती शहरावर हिम होऊन कशी ओततो, पहिल्या वर्षी दार उघडताच छातीपर्यंत उभी राहिलेली पांढरी भिंत पाहून आपली बोबडी कशी वळली, दुसऱ्या वर्षी फावडे कसे हाती आले, आणि चौथ्या वर्षी शाळेला सुटी मिळाली म्हणून आपली मुले घरभर कशी नाचली, हे सर्व त्यांनी मोठ्या रसाळपणे सांगितले. येथवर माझे त्यांच्याशी काही भांडण नाही.

भांडण आहे ते अध्यक्षांशी. अध्यक्षपदी पुण्याहून आलेले एक सेवानिवृत्त अधिकारी होते. वाचन दांडगे, वाणी गोड. समारोप करताना ते म्हणाले, “इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातील आदिवासी बांधवांकडे पाहा. चार चार महिने पाऊस कोसळतो, आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. पण तक्रारीचा एक शब्द नाही. त्यांना सवय असते!” सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजविल्या, हे कबूल केलेच पाहिजे. सभेत बसले की हात आपोआप वाजतात. सवय ही अशी असते. घरी आलो, जेवणास बसलो, आणि घास तोंडात फिरू लागला. आपण कशाला टाळ्या वाजविल्या?

‘त्यांना सवय असते’ या तीन शब्दांचे मला भय वाटते. शिवी द्यावयाची झाली तर देणाऱ्यास निदान थोडी लाज वाटते. हे वाक्य स्तुतीचे रूप घेऊन येते, त्यामुळे बोलणाऱ्यास पुण्य लागते, ऐकणाऱ्यास समाधान वाटते आणि ज्याच्याविषयी ते बोलले जाते तो जेथल्या तेथे भिजत राहतो.

मुळात या ‘सवय’ शब्दाच्या पोटात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण सोईसोईने एकीच्या जागी दुसरी ठेवतो. एक सवय ही विद्या असते. संकट ओळखून, त्याचे वेळापत्रक ध्यानी घेऊन, त्याच्या आधी केलेली तयारी म्हणजे ती सवय. दुसरी सवय म्हणजे निरुपाय. खांद्यावरचे ओझे उतरविणारे कोणी नाही असे कळून चुकल्यावर मान खाली घालून चालणे ही दुसरी. बैलालाही जोखडाची सवय होते. पण म्हणून जोखडाने त्याच्या मानेवर घट्टा पडत नाही असे कोणी म्हणत नाही.

पहिल्या प्रकारची सवय आमच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यांत आहे काय? आहे, आणि ती इतकी आहे की तिच्यापुढे आम्हां सपाटीवरच्या पदवीधरांनी शिष्यत्व पत्करावे. मृगाची चाहूल लागण्याच्या आधी तेथे घरोघर शाकारणी होते. पावसाच्या तोंडची भिंत गवताने नाही तर पानांनी बाहेरून झाकतात, कारण त्या मुलखात पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. त्या झडीपुढे कारवीच्या कुडावरील शेणमातीचा गिलावा चार दिवस टिकत नाही. माळ्यावर सरपण चढते. ते चुलीच्या धुरावर चार महिने कोरडे राहील अशा बेताने रचलेले असते, आणि ती रचना हे बायकांचे शास्त्र आहे. उन्हाळ्यात गोळा केलेला हिरडा विकून मीठ, मिरची, तेल व काडेपेट्या यांची बेगमी करतात. वैशाखात शेण, पाला व फांद्या जाळून राब भाजलेला असतो; पहिल्या पावसावर त्यात भात पेरतात, आणि आषाढात पाऊस अगदी भरात आला म्हणजे चिखलणी होऊन आवणीस सुरुवात होते. आपण ज्या पावसात खिडकी लावून घेतो, त्याच पावसात ती बाई इरले पाठीवर घेऊन, कमरेत वाकून, दिवसभर गुडघाभर चिखलात उलट्या पावली चालत असते. ती तेव्हा पाऊस ‘सोसत’ नसते, त्याला कामाला लावीत असते. हे भातशेतीचे गणित पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले आहे, आणि अध्यक्षांनी या विद्येची स्तुती केली असती तर मी दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या असत्या.

पण त्यांनी तिची स्तुती केली नाही. त्यांनी स्तुती केली ती तक्रार नसण्याची. शिवाय, ज्या बफेलोची उपमा त्यांनी घेतली तेथील सवय कशाची बनलेली आहे, हे व्याख्यान समोर चालू असतानाही त्यांच्या ध्यानात आले नाही. माझ्या विद्यार्थ्याने काय सांगितले? वादळाची सूचना आधी येते. रात्रभर हिम सारणारी यंत्रे रस्त्यांवरून फिरतात. रस्त्यांवर मीठ टाकतात. गाड्या बाहेर काढण्यास मनाई होते. घरांच्या भिंती उष्णता धरून ठेवतील अशाच बांधलेल्या असतात. म्हणजे बफेलोकराच्या सवयीचा तीन चतुर्थांश भाग नगरपालिकेच्या यंत्रशाळेत उभा असतो. फावडे धरणाऱ्या हाताकडे उरतो तो चौथाई. आणि इतके असूनही 2022 सालच्या डिसेंबरात, ऐन नाताळात, तेथे जे हिमवादळ झाले त्यात चाळिसांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर कोणी ‘बफेलोकरांना सवय असते’ असे म्हणून गप्प बसले नाही. वाहतूकबंदीचा हुकूम उशिरा का निघाला, मदत कोणत्या वस्तीत पोहोचली नाही, याची चौकशी झाली, आणि नगरपालिकेस आपल्या चुका छापील अहवालात वाचाव्या लागल्या.

येथे थोडा हिशेब करू. कंटाळवाणा असला तरी वाचकांनी तो सोसावा. ताज्या हिमात सुमारे दहा भागांस एक भाग पाणी असते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस आणि एक मीटर हिम यांचे पाणी सारखेच. बफेलोत वर्षाकाठी सरासरीने अडीच मीटरांच्या आतबाहेर हिम पडते. आमच्या घाटमाथ्याच्या अगदी कडेला, भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूस, एका हंगामात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. त्याचे हिम केले तर ते पंचवीस-तीस मीटर भरेल. बफेलोचा दसपट हिवाळा आमच्या तालुक्याच्या एका टोकाला दरवर्षी कोसळतो, आणि त्याच्या तोंडावर उभे आहे एक इरले व एक शाकारलेले छप्पर. माझ्या विद्यार्थ्याने ज्या एका मीटरच्या रात्रीचे वर्णन करून सभेच्या अंगावर काटा आणला, तसल्या रात्री तिरपाड-आसाण्याकडे कोणी मोजीतही नाही.

मोजीत नाही हे मी अलंकाराने म्हणत नाही. सरकारदरबारी चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’ हा शब्द वापरता येतो. मंचर-नारायणगावकडे वर्षाला पाचसहाशे मिलिमीटरांवर भागते. तेथे एका दिवसात पासष्ट पडला तर तो खरोखरच अनर्थ. पण घाटमाथ्याशी आषाढातला तो साधा दिवस. एकाच तालुक्यात, एसटीच्या दोन तासांच्या प्रवासात, पावसाचे मान चौपट होते आणि मोजपट्टी मात्र एकच राहते. परिणाम असा की ज्या गावी अतिवृष्टी रोजची, त्या गावी तो शब्द बोथट होतो. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही.

आता मालीणकडे यावेच लागते.

30 जुलै 2014. पुष्य नक्षत्र चालू होते. तरण्या पावसाच्या मागून येणारा म्हणून आपल्याकडे ज्याला ‘म्हातारा पाऊस’ म्हणतात तो. श्रावण नुकताच लागलेला, नागपंचमी दोन दिवसांवर. सकाळच्या प्रहरी आंबेगाव तालुक्यातील मालीण गावावर मागचा डोंगर आला आणि चाळिसांहून अधिक घरे माणसांसह गाडली गेली. सरकारी आकड्याप्रमाणे 151 माणसे मेली. बाहेरच्या जगास ही बातमी कशी कळली, हे वाचकांस आठवत असेल. नेहमीची एसटी तेथे गेली आणि चालकास गाव दिसेना. ना दूरध्वनी, ना तलाठ्याचे पत्र, ना कोणते उपकरण. एक आख्खे गाव नाहीसे झाल्याची नोंद राज्याच्या यंत्रणेत झाली ती मोटार हाकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी. ती गाडी त्या दिवशी रद्द झाली असती तर?

आदल्या दिवशी तेथे 108 मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे. या आकड्याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण माझ्या सबंध म्हणण्याची मेख येथेच आहे. हा पाऊस तेथील माणसांच्या सवयीबाहेरचा नव्हता. एवढा पाऊस त्यांनी, त्यांच्या बापांनी, आज्यांनी पाहिलेला होता. म्हणूनच तर ते घरांत होते. सवय माणसाला एवढेच सांगते की कालपर्यंत काय झाले. पायाखालच्या उताराला काल नाही आणि परवाही नाही. त्याला कळते ते फक्त वजन. एका एकरावर 108 मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे सव्वाचारशे टनांहून अधिक पाणी पडणे. त्यातले बरेचसे वाहून जाते, पण सह्याद्रीच्या काळ्या कातळावर कुजलेल्या खडकाचा व मातीचा जो थर बसलेला असतो, त्यात राहिलेले मुरते. दगडमातीच्या कणाकणांमधील जागा पाण्याने भरतात, ते पाणी आतून दाब देऊ लागते, कण एकमेकांस धरून असतात ती पकड सुटते, आणि एका क्षणी तो थर कातळावरून निसटतो. घडण्यापूर्वी हे सर्व मुकाट्याने चाललेले असते. हिम निदान डोळ्यांसमोर साचते; दाराशी उभे राहून आपली उंची दाखवते. मुरलेले पाणी दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या गोष्टीची सवय होत नसते. तिच्याविषयी अज्ञान असते, इतकेच.

हे अज्ञान मालीणकरांचे होते, असे म्हणून हात झटकता येणार नाही. उताराची माती, तिचा थर, पाण्याचा दाब हे ज्यांना ठाऊक होते ते पुण्या-मुंबईत बसलेले होते. ज्ञान एका गावी, डोंगर दुसऱ्या गावी. आणि त्या दोहोंमधला रस्ता पावसाळ्यात बंद.

प्रेते काढण्याचे काम चालू असतानाच दोष कोणाचा याचा खल सुरू झाला. भातखाचरे करण्यासाठी उतार सपाट करण्याच्या पडकईच्या कामांकडे आणि त्यांत आणलेल्या यंत्रांकडे बोटे दाखविण्यात आली. पडकई ही एकमेकांच्या श्रमांवर चालत आलेली जुनी रीत आहे, तिला बदनाम करू नका, असे त्या भागातील कार्यकर्त्यांनी उलट बजावले. हा वाद येथे निकालात काढण्याचा माझा अधिकार नाही. मी साहित्याचा अध्यापक आहे, भूगर्भाचा नव्हे. पण एक प्रश्न मला कोणी विचारलेला दिसला नाही. माणूस इतक्या चढावर खाचर करण्यास जातो तरी का? घोड नदीच्या काठची सपाट, काळी, चांगली खाचरे कोठे गेली? ती डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहेत. ज्या आंबेगाव गावाने तालुक्याला नाव दिले ते गावच त्या जलाशयात बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे आणि नाव तेवढे कागदावर तरंगते आहे. खाली पाणी चढले म्हणून माणूस वर सरकला. वर सरकला म्हणून त्याने उतार खणला. आणि उतार खचला तेव्हा आम्ही म्हणालो, यांना कळत कसे नाही!

त्या धरणाचे पाणी कोठे जाते? डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आमच्या या दोन तालुक्यांत आहेत, आणि त्यांचे कालवे पूर्वेकडे पार नगर-सोलापूरच्या अंगापर्यंत पोहोचतात. आमचा ऊस, आमचे टोमॅटो व द्राक्षमळे, आमच्या नगरपालिकांचे नळ त्यावर चालतात. म्हणजे पश्चिमेकडचा पाऊस हा आमच्या घरातला प्रश्न आहे. तो त्यांच्या पाठीवर पडतो आणि आमच्या हंड्यात उतरतो. सवयीचा विचार करायचाच तर तो आपल्यापासून करावा. पाणी कोठून आले हे न विचारता तोटी सोडण्याची जी सवय आम्हांस जडली आहे तिच्यावर अजून कोणी व्याख्यान दिलेले मला ठाऊक नाही.

वर्षासहलींची गोष्ट त्याहून वेगळी नाही. श्रावणात शनिवार-रविवार आला की नाणेघाट व माळशेज येथे मोटारींच्या रांगा लागतात. नाणेघाटात वाऱ्याने वर उडणारा ‘उलटा धबधबा’ पाहून सुशिक्षित कुटुंबे हर्षभरित होतात. होऊ नये असे मी म्हणत नाही. दृश्य खरोखरच अपूर्व आहे, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहनांच्या लेण्याशेजारी उभे राहून ते पाहताना माझाही जीव हरखतो. पण त्याच वाऱ्याकडे तोंड करून घाटघर-अंजनावळ्याची घरे चार महिने उभी असतात. दोन तास भिजून, गरम भजी खाऊन परत निघालेला मनुष्य त्या घरांकडे पाहून म्हणतो, “किती सुखी आहेत हे लोक!” पावसाचे काव्य भाड्याने घ्यावे आणि पाऊस मात्र त्यांच्याकडे ठेवावा, अशी ही वाटणी आहे.

मी स्वतः काही निराळा नाही, हे सांगून टाकतो. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी नवा अध्यापक असताना पाटण खोऱ्यातील एक विद्यार्थी जुलै महिन्यात तीन आठवडे गैरहजर राहिला. परत आला तेव्हा मी भर वर्गात त्याला म्हणालो, “पावसाचे कारण तू तरी सांगू नकोस, तुम्हां लोकांना त्याची सवय असते.” वर्ग हसला. तो मुलगाही हसला. त्याच्या गावचा ओढा वीस दिवस उतरू देत नव्हता, घरची आवणी अडलेली होती आणि आजीला झोळीत घालून दवाखान्यात आणावे लागले होते, हे मला पुढे कित्येक महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून कळले. उपस्थितीचे टक्के भरले नाहीत म्हणून त्याचे ते वर्ष गेले. त्याने तक्रार केली नाही. आमच्या अध्यक्षांना हा मुलगा फार आवडला असता.

‘पण त्यांना हलवायचे म्हटले तर ते हलत नाहीत’ असा एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच खोटा नाही. जमीन येथे, गुरे येथे, पितर येथे. मनुष्य हलणार कोठे? मालीणच्या वाचलेल्या लोकांसाठी जवळच आमडे येथे नवे गावठाण झाले, 2 एप्रिल 2017 रोजी त्याचे लोकार्पणही झाले. घरे पक्की आहेत, रस्ते आखीव आहेत. आणि त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात तेथील रस्ते व भराव खचल्याच्या बातम्या आल्या. ज्या गावाला उतार खचून मरण आले त्या गावाचे नवे गावठाण वसविताना पाण्याला वाट ठेवण्यात कसूर व्हावी, याला काय म्हणावे? तेथे सरकारी बांधकामाला पावसाची सवय नव्हती, असे म्हणून सोडून द्यावे काय? ती मुभा फक्त आदिवासींच्या वाट्यास येते.

मालीणनंतर दरडींच्या धोक्यातील गावांच्या याद्या तयार झाल्या. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी गाडली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ताच राहिली. ही वाडी धोक्याच्या यादीत नव्हती, असे मग विधिमंडळात सांगण्यात आले. तिन्ही महिने जुलैच, तिन्ही वस्त्या डोंगराच्या पोटाशी, आणि प्रत्येक वेळी वृत्तपत्रांत एक वाक्य ठरलेले: येथे असे पूर्वी कधी झाले नव्हते. बरोबर आहे. डोंगर एका वस्तीवर एकदाच येतो.

आता हिमाच्या देशांकडे पुन्हा एकदा वळतो. अध्यक्षांनी उपमेचा मार्ग काढून दिलाच आहे तर त्याने थोडे पुढे जाऊ. स्वित्झर्लंडमध्ये आन्डरमाट नावाचे डोंगरी गाव आहे. गावाच्या वरच्या उतारावरचे रान हिमाचे कडे थोपवून धरते, हे ओळखून तेथील लोकांनी 1397 साली लेखी निर्बंध केला की त्या रानातील लाकूड कोणी तोडू नये. त्याच देशात दाव्होस येथील संस्था 1945 पासून हिमस्खलनाच्या इशाऱ्यांची पत्रके काढीत आली आहे. कोणता उतार आज धोक्याचा, हे डोंगरातल्या माणसाला त्यातून कळते. जपानने 1962 साली अतिहिमाच्या प्रदेशांसाठी स्वतंत्र कायदाच केला. तेथे हिम जास्त पडते म्हणून तेथील रस्ते, शाळा, दवाखाने यांचा खर्चही जास्त येणार, आणि तो सबंध राष्ट्राने उचलावयाचा, हे त्या कायद्याच्या मुळाशी असलेले तत्त्व आहे. आपल्या मानाने ते अगदी उलटे दिसते. आपण म्हणतो, तेथे पाऊस जास्त म्हणून रस्ता टिकत नाही, म्हणून शिक्षक जात नाही, म्हणून डॉक्टर राहत नाही, आणि म्हणून, अर्थातच, त्यांना सवय असते.

कोणी म्हणेल, ते श्रीमंत देश आहेत. 1397 साली आन्डरमाट श्रीमंत नव्हते. आणि त्या निर्बंधाची आपल्याला नवलाई वाटण्याचे काही कारण नाही. आहुप्यास जाऊन भैरवनाथाची देवराई पाहावी. कुऱ्हाड लावायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नेम तेथल्या लोकांनी देवाच्या नावाने पाळला. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातील अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांच्या भाषेत मांडले. त्याआधी आमचे सुशिक्षित जग त्यास अंधश्रद्धा म्हणत होते. म्हणजे शहाणपण तेथेही होते. फरक इतकाच की तेथील शहाणपणाचा पुढे कायदा झाला, त्याच्या मागे संस्था उभी राहिली, तिजोरी उघडली गेली. आमच्याकडे त्या शहाणपणाचे लोकगीत झाले.

मग करावे काय? मी काही योजना सादर करण्यास बसलेलो नाही, पण निव्वळ दोष दाखविला असेही व्हावयास नको. पर्जन्यमापक यंत्र महसूल मंडळाच्या ठिकाणी असते, आणि सह्याद्रीत पाऊस एका सोंडेपासून दुसऱ्या सोंडेपर्यंत बदलतो. प्रत्येक वाडीत मोजपट्टी मारलेली साधी नळी ठेवावी, ती वाचण्याचे काम शाळेतल्या मुलांकडे द्यावे, आणि तीन दिवसांची बेरीज अमुक एका आकड्यावर गेली की वाडीने खाली उतरून राहावे असा नेम करावा. तो आकडा भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या त्या उताराचा अभ्यास करून ठरवून द्यावा. सबंध जिल्ह्यास एकच ठोकून देऊ नये. उतरून राहावे तर कोठे, याचे उत्तर पावसाआधी तयार असावे: धान्य, सरपण, गुरांस चारा यांसह कोरडी जागा. गुरांचा चारा मी मुद्दाम लिहितो, कारण गुरे मागे ठेवून शेतकरी उतरणार नाही, आणि ही गोष्ट आमच्या आपत्तिनिवारणाच्या कागदांत सहसा सुचत नाही. जमिनीला पडलेली भेग, एकाएकी कललेली झाडे, गढूळ झालेला झरा, घट्ट बसू लागलेले दार, या खुणा गावकऱ्यांना सांगाव्यात. त्या दिसल्या तर निरोप द्यावयाचा क्रमांक एकच असावा आणि पलीकडे रात्री दोन वाजता कोणी जागे असावे. यास अब्जावधी रुपये लागतात असे मला वाटत नाही. तक्रार ऐकण्याची इच्छा मात्र लागते, आणि तक्रार नसण्याचीच आपण स्तुती करीत सुटलो तर ती ऐकणार कोण?

गेल्या आषाढात माझ्या त्याच जुन्या विद्यार्थ्याच्या घरी (बफेलोच्या नव्हे, पाटण खोऱ्यातील, ज्याचे वर्ष गेले तो) मी एक रात्र राहिलो. आता त्याचे केस पिकले आहेत. बाहेर झड चालूच होती. जेवणे झाल्यावर त्याने कंदील चुलीजवळ ठेवला, घोंगडी अंगाभोवती घेतली आणि उंबऱ्याशी बसला. झोपावयाचे नाही काय, असे मी विचारले. म्हणाला, “सर, मालीणपासून आम्ही मोठ्या पावसात पाळीपाळीने जागतो. आज माझी पाळी. दीड वाजता भाऊ बसेल. डोंगराचा आवाज आला तर पोरांना उठवायला कोणी तरी हवा.” मी घड्याळ पाहिले, साडेनऊ झाले होते. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, पण अकराच्या सुमारास मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा उंबऱ्यावर त्याचा भाऊ होता.

वाचनालयाच्या अध्यक्षांस मी हे सर्व पत्राने कळविले आहे, आणि येत्या पुष्य नक्षत्रात त्या उंबऱ्यावरची एक पाळी आपण घ्यावी, अशी विनंतीही केली आहे. त्यांचे उत्तर यावयाचे आहे.